शार्लोट लेकची वाट: दोन मुलं, एक आजी आणि माथेरानचं जंगल

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीचं कुटुंब, पाच आणि नऊ वर्षांची दोन मुलं, सोबत अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पण घरी एकट्या बसायची त्यांची तयारी नाही. ट्रेक नको आणि फरसबंद बागही नको. खरं जंगल हवं, चालताना पाणी दिसायला हवं, आणि संध्याकाळी सगळ्यांनी हसत घरी परतावं. माथेरानचा शार्लोट लेक कसा राहील? किती चालावं लागेल, कोणत्या महिन्यात जावं, माकडांचा त्रास खरंच होतो का?

मी बरीच वर्षं मुलांना आणि कुटुंबांना जंगलात फिरायला नेतो. मुंबई-ठाण्याकडच्या माणसाला तळ्याकाठचं सोपं जंगल सांगायचं झालं तर माझ्या तोंडी शार्लोटचंच नाव पहिलं येतं. तुळशी आणि विहार हे तलाव जवळ आहेत, पण त्यांच्या काठानं कुणालाही मनाला येईल तेव्हा हिंडता येत नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाला होड्या आहेत, भेळ आहे, घोडे आहेत आणि शेजारी वाहता रस्ता आहे. तिथे मजा येते, पण जंगल शोधावं लागतं. कासला फुलं आणि तळं दोन्ही आहेत, पण सावली कमी. शार्लोटला गर्द सावली, पाणी आणि मोटारींची गैरहजेरी हे तिन्ही एकत्र मिळतं. पाच वर्षांच्या मुलाचा हात अधूनमधून सोडता येईल अशा वाटा आपल्याकडे फार उरलेल्या नाहीत.

तेव्हा जरूर जा. फक्त आधी चालण्याचा हिशेब नीट मांडा, कारण बहुतेकांचा दिवस तिथेच फिसकटतो.

‘बाजारापासून तलाव दोनेक किलोमीटर’ असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. मोठ्या माणसाला अर्धा तास लागतो. पण तुम्ही बाजारात उगवणार नाही. गाडी किंवा टॅक्सी तुम्हाला दस्तुरी नाक्यावर सोडते. त्यापुढे मोटारींना बंदी आहे. दस्तुरी ते बाजार आणखी अडीच किलोमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे जाऊन-येऊन नऊ किलोमीटर झाले, आणि त्यात एखादा पॉइंट, मुलांची पळापळ, ‘मला तिकडे बघायचंय’ वगैरे धरलं की दहा. तुमची नऊ वर्षांची मुलगी एवढं चालेलही. धाकटा पाचव्या किलोमीटरला खांद्यावर येईल आणि सासूबाई बाजारातच बसून राहतील. तलावाची वाट सोपी आहे, पण तिथवर पोचेपर्यंत पाय वाचवणं हे खरं काम आहे.

त्यासाठी दस्तुरीपासून जवळच असलेल्या अमन लॉज स्थानकातून माथेरानपर्यंत मिनी ट्रेनची शटल धरायची. पंधरा-वीस मिनिटांत ती तुम्हाला बाजाराच्या तोंडाशी सोडते. मुलांसाठी हा प्रवास म्हणजे अर्धी सहल. तिकीट तिथल्याच खिडकीवर मिळतं, डबे मोजके असतात आणि शनिवार-रविवारी रांग बरीच लांब जाते. एकानं पुढे जाऊन रांगेत उभं राहावं आणि बाकीच्यांनी सावकाश यावं. परतीलाही शटलच ठरवा. माथेरान स्थानकावर उतरल्या उतरल्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा फलकावरून टिपून घ्या, म्हणजे तलावावर घड्याळाकडे बघून घाई करावी लागत नाही.

नेरळहून निघणारी मोठी गाडी हे वेगळं प्रकरण आहे. दोन फुटी रुळांची ही लाइन १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं ती बांधली. सुमारे एकवीस किलोमीटरचं घाटातलं अंतर कापायला तिला दोन तासांच्या वर लागतात. जुम्मापट्टी, वॉटर पाइप अशी मधली स्थानकं मुलांना आवडतात. पण गाड्या थोड्या असतात, जागा मिळण्याची खात्री नसते, आणि पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हा खालचा टप्पा बंदच असतो. त्या काळात अमन लॉजची शटल तेवढी चालू राहते. एका दिवसाची सहल असेल तर जाताना मोठी गाडी धरायचा हट्ट करू नका. डोंबिवलीहून कर्जत लोकलनं तासाभरात नेरळ, तिथून शेअर टॅक्सीनं दस्तुरी, पुढे शटल. हे सगळं उरकून साडेनऊपर्यंत बाजारात पोचलात तर दिवस तुमचा. (पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडची लोकल धरावी, नेरळ तिथून दुसरंच स्थानक आहे.)

सासूबाईंसाठी शटल हाच पहिला पर्याय. शिवाय आता ई-रिक्षा आहेत. माणसानं माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, आणि त्यांच्या जागी ई-रिक्षा आणायला सांगितलं. ई-रिक्षांची संख्या आणि मार्ग मर्यादित असतात, त्यामुळे त्या तुम्हाला थेट तलावापर्यंत नेतील असं गृहीत धरू नका. निघण्याच्या आदल्या दिवशी तिथल्या एखाद्या लॉजवाल्याला फोन करून विचारा, तो खरं सांगेल. बाजार ते तलाव हा टप्पा आजींना चालून झेपणार नसेल तर घोडा उरतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घोड्यावर चढणं-उतरणं चालण्यापेक्षा जड जातं, हे मात्र लक्षात घ्या. माझा अनुभव असा की काठी, मध्ये दोन-तीन बैठका आणि घाई न करणारी सोबत असली तर ही दोन किलोमीटरची वाट बहुतेक आजी चालून जातात. उतार सौम्य आहे, पायऱ्यांची चढण नाही. त्रास होतो तो सुट्या दगडांचा आणि झाडांच्या मुळांचा, म्हणून पायात पकड असलेले बूट हवेत, चपला नकोत. बाबागाडीचा विचार सोडून द्या. तान्हं मूल असेल तर ते अंगाशी बांधायच्या झोळीतच न्या.

आता प्रत्यक्ष वाट. बाजारात हुतात्मा भाई कोतवालांचं नाव दिसेल, तिथे दोन मिनिटं थांबा. विठ्ठल कोतवाल इथेच माथेरानात १९१२ साली जन्मले. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या गटानं विजेचे मनोरे पाडून ब्रिटिशांना हैराण केलं आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते मारले गेले. माथेरान १८५० साली ह्यू मॅलेट नावाच्या ठाण्याच्या कलेक्टरनं ‘शोधलं’ ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो. त्याआधीही इथे डोंगरातली माणसं वावरत होतीच, आणि नंतर या गावानं कोतवालांसारखा माणूस दिला, हे मुलांना आपणच सांगावं लागतं.

बाजार संपला की जुने बंगले लागतात. पडके कठडे, गंजलेली फाटकं, आत वाढलेली झाडी. फाट्या-फाट्यावर पाट्या आहेत, ‘शार्लोट लेक’ लिहिलेल्या दिशेनं चालत राहायचं. शंका आली तर घोडेवाल्याला विचारा. तो आधी घोडा घ्या म्हणेल, मग रस्ताही सांगेल. दहा-पंधरा मिनिटांत गलका मागे पडतो आणि वरचं पान न् पान एकमेकांना भिडलेलं दिसू लागतं.

हे जंगल उंचीनं फार नाही, पण दाट आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीचं हे पठार, त्यावर पश्चिम घाटाच्या माथ्यावरचं निमसदाहरित रान. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही इथली मुख्य मंडळी, सोबत हिरडा, आंबा. अंजनी ओळखायला शिकवा, मुलांना लगेच जमतं. पान जाड, गर्द, चकचकीत, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला फांद्यांना चिकटून आलेले जांभळ्या-निळ्या फुलांचे झुबके. एकदा ओळख पटली की पुढची पंधरा मिनिटं ‘ही पण अंजनी, ती पण अंजनी’ चालतं आणि ‘अजून किती लांब?’ हा प्रश्न बंद होतो. मे महिन्यात करवंदं आणि जांभळं असतात. ती बाजारात टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांकडून विकत घ्या. जंगलात दिसेल ते फळ मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नका.

पायाखालची माती लाल आहे, आणि ती पांढऱ्या बुटांना, मोज्यांना, घामेजल्या मानेला सगळीकडे लागते. घरून निघताना कुणालाही पांढरे कपडे घालू देऊ नका, एवढा एक सल्ला ऐकलात तरी पुरे. ही माती म्हणजे जांभा दगडाची झीज. खाली सह्याद्रीचा काळा कातळ आणि माथ्यावर जांभा अशी इथली रचना आहे. जांभ्याला भोकं असतात, पावसाचं पाणी तो स्पंजासारखं धरून ठेवतो आणि नंतर हळूहळू झऱ्यांतून सोडतो. एवढ्याशा पठारावर तळं, टाकी आणि झरे का आहेत, याचं उत्तर त्या भोकांत आहे. मोठीला एक जांभ्याचा तुकडा हातात घेऊन बघायला सांगा. बघून झालं की तो जागच्या जागी ठेवायचा. २००३ साली केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे. पण तुकडा परत ठेवायला कायद्याची आठवण द्यावी लागू नये.

शेकरू दिसेल का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मुलं नक्की विचारतील. महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे आणि इथे आहे. दिसण्याची शक्यता सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर. भर दुपारी तो फांदीवर पसरून झोपतो. खाली बघत चाललात तर कधीच दिसणार नाही. थांबायचं, वर बघायचं आणि ऐकायचं. खडखडाट केल्यासारखा त्याचा मोठा आवाज असतो, आणि तो बहुधा तुमच्यावरच चिडलेला असतो. शेकरू नाही दिसला तरी उंच फांदीच्या टोकाकडे काटक्या-पानांचा मोठा गोल गोळा दिसेल, ते त्याचं घरटं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतो. मुलांना घरटी मोजायला लावा, प्राणी मोजण्यापेक्षा त्यात यश जास्त येतं. आवाजांमध्ये कुटुर्ग्याची ‘कुटुर्र कुटुर्र’ दिवसभर चालू असते. पावसाच्या आगेमागे पाण्याजवळ एखादं उनाड पोर शीळ घालतंय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तुर.

पावसाळा संपता संपता वाटेच्या कडेला तेरडा आणि सोनकी फुलते. त्याच दिवसांत झाडाझुडपांत कोळ्यांची जाळी दिसतात. काठीनं जाळी तोडत चालायची मुलांना हौस असते. काठी काढून घ्या आणि त्याऐवजी जाळ्यात काय अडकलंय ते सांगायला सांगा.

तलाव अचानक समोर येतो. पहिल्या नजरेला लहान वाटेल, आणि लहानच आहे. हिमालयातल्या फोटोंसारखं काही डोक्यात असेल तर ते डोंबिवलीतच ठेवून या. तिन्ही बाजूंनी झाडी उतरलेली, एका टोकाला बांध, काठावर पिसारनाथाचं देऊळ. पिसारनाथ हे माथेरानचं ग्रामदैवत. सासूबाईंना इथे बसायला आवडेल, देवळाचा परिसर शांत असतो. माझी सूचना अशी की आजींचा मुक्काम इथेच ठरवून टाका. पुढे जे काही पाहायचं ते बाकीच्यांनी आळीपाळीनं पाहून यावं. आजींसोबत एक मोठं माणूस मात्र राहू द्या. झाडीत मोबाइलची रेंज जाते-येते, त्यामुळे ‘फोन करतो’ यावर कुणी विसंबू नये. भेटायची वेळ आणि जागा तोंडी ठरवा.

या तलावाबद्दल एक गोष्ट मी जरा कडक आवाजातच सांगतो. हे गावाचं पिण्याचं पाणी आहे. त्यात पोहायचं नाही, पाय सोडून बसायचं नाही, ताट धुवायचं नाही. आणि हे फक्त स्वच्छतेसाठी नाही. काठ चिखलाचा आणि निसरडा आहे, पाणी काठाजवळच एकदम खोल होतं आणि इथे पर्यटक बुडाल्याच्या दुःखद घटना घडलेल्या आहेत. पावसाळ्यात बांधावरून पाणी ओसंडतं, ते बघायला सुंदर असतं आणि त्यात उभं राहून फोटो काढायची टूम निघते. तुम्ही दूर उभं राहून बघा. धाकट्याचा हात पाण्यापाशी सोडायचा नाही, हा नियम घरूनच ठरवून या. तिथे पोचल्यावर मुलं ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतात.

कड्यांचंही तसंच. तलावापासून थोड्याच अंतरावर लॉर्ड पॉइंट, एको पॉइंट अशा जागा आहेत. घोडेवाले ‘सात पॉइंट’, ‘बारा पॉइंट’ असा भाव सांगतात, आणि कुटुंबं त्या आकड्याला भुलतात. मग तलाव हा यादीतला एक टिकमार्क होतो. पाच मिनिटं, तीन सेल्फी आणि पुढे. मुलांबरोबर असाल तर माझं ऐका, एकच पॉइंट करा. एको पॉइंटला मुलांना ओरडायला मिळतं म्हणून तो घ्या, किंवा लॉर्ड पॉइंट घ्या, दोन्ही नकोत. पठाराची कडा कुठेही सरळ तुटलेली आहे, कठडे सगळीकडे नाहीत आणि आहेत ते सगळेच भक्कम असतील असं नाही. कडेपासून दोन माणसं आडवी झोपतील एवढं अंतर मुलांनी ठेवायचं. कड्याच्या पोटात आग्या मोहोळाची पोळी असू शकतात, म्हणून धूर, फटाके, दगड भिरकावणं यातलं काहीही नको. लुइझा पॉइंटवरून समोर प्रबळगडाची भिंत फार देखणी दिसते, पण तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

पॉइंटांची यादी कमी केली की जो वेळ उरतो तो तलावाकाठी घालवा. तासभर तरी. पहिली वीस मिनिटं मुलं ‘आता काय करायचं’ म्हणून वैताग देतील. मोबाइल काढू नका, काही सुचवूही नका. मग कुणीतरी पाण्यावरचे किडे बघू लागतं, कुणी झाडाच्या खोडावरचं मुंग्यांचं तपकिरी घरटं शोधतं, कुणी पानांची दुकानदारी मांडतं. मी मुलांना नेतो तेव्हा याच तासासाठी नेतो, बाकी सगळं येण्याजाण्यात गेलेला वेळ. पालापाचोळ्यात हात घालायचा नाही आणि दगड उलटवायचा नाही, एवढी ताकीद पुरे. घोणस, मण्यार, हिरवा चापडा हे साप या रानात आहेत. ते स्वतःहून कुणाच्या वाटेला जात नाहीत, हात आपण त्यांच्यावर टाकतो.

आता माकडं. हो, त्रास होतो. लाल तोंडाची माकडं इथे माणसाळलेली आहेत, आणि त्यांना माणसाळवलंय आपणच, वेफर्स खिलवून. त्यांना कॅरीबॅगचा आवाज आणि बाटलीचा रंग ओळखता येतो. खाण्याची एकही गोष्ट हातात किंवा जाळीच्या कप्प्यात दिसता कामा नये. सगळं पाठपिशवीत, चेन लावून. खायचं ते बाजारातल्या उपाहारगृहात बसून खा. तलावावर उघड्यावर डबा सोडायची कल्पना ऐकायला छान आहे, पण तुमचा डबा तिसऱ्याच्याच पोटात जाईल. माकड जवळ आलं तर डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही, दात दाखवून हसायचं नाही, पळायचं नाही. मुलाला आपल्या मागे घ्या आणि सावकाश सरका. त्यानं काही हिसकावलंच तर देऊन टाका, ओढाताणीत नख लागतं. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या लशीचं विचारायचं. ‘छोटासाच ओरखडा आहे’ म्हणून घरी जाऊन बघू असं करू नका. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं तुलनेनं सभ्य आहेत, पण त्यांनाही खायला घालू नका.

घोडे हा दुसरा विषय. वाट त्यांची आणि आपली सामाईक आहे. मागून टापा ऐकू आल्या की मुलांना डोंगराच्या अंगाला उभं करा, दरीच्या किंवा उताराच्या अंगाला नाही. घोड्याच्या मागे कधीच उभं राहायचं नाही. मुलांना बसवायचं असेल तर बाजाराच्या आसपासच एक छोटी फेरी करा. भाव आधी ठरवा, डोक्याला हेल्मेट मागा आणि घोडा चालतच नेईन, पळवणार नाही असं घोडेवाल्याकडून कबूल करून घ्या.

कधी जावं? माझी पहिली पसंती सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. तळं भरलेलं, जंगल धुतलेलं, पाऊस ओसरलेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सर्वांत सुखाची, सकाळी मुलांना स्वेटर लागेल. मार्च-एप्रिलला दुपार तापते पण झाडीत सुसह्य असते. लाल धूळ आणि घोड्यांच्या लिदीचा वास मात्र तेव्हा जोरात असतो, ज्यांना दमा आहे त्यांनी हे महिने टाळावेत. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं असं असतं की तलाव दहा पावलांवर असून दिसत नाही, आणि जांभ्यावर शेवाळ चढलेलं असतं. तरुण मंडळींना ते आवडतं, जाऊ द्या त्यांना. गुडघेदुखी आणि पाच वर्षांचं मूल एकत्र असताना त्या महिन्यांत मी माझ्या घरच्यांना नेणार नाही.

महिन्यापेक्षा वार महत्त्वाचा. शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना दस्तुरीवर गाडी लावायला जागा मिळेना होते, शटलची रांग वाढते आणि तलावाच्या वाटेवर स्पीकर वाजत असतात. शाळेला एक दिवस दांडी मारून मंगळवार-बुधवारी जा. मुलांचं काही बिघडत नाही.

सोबत न्यायच्या गोष्टी थोड्याच. माणशी एक लिटर पाणी, रोख पैसे (झाडीत रेंज नसली की यूपीआय रुसतं आणि दस्तुरीवर प्रवासी कर भरावा लागतो), मुलांचा एक जादा कपड्यांचा जोड, आजींच्या गोळ्या, पट्टी-जंतुनाशक, शिट्टी. शिट्टी प्रत्येक मुलाच्या गळ्यात. हरवलं तर जागेवरून हलायचं नाही आणि तीनदा वाजवायची. स्वच्छतागृह बाजारातच उरकून निघा, तलावावर भरवशाचं काही नाही. चहा-लिंबूपाण्याची टपरी सुट्टीच्या दिवशी असते, आडवारी असेलच असं नाही. तुमचा कचरा तुमच्याच पिशवीतून खाली न्या. डोंगरावरून कचरा उतरवायला गावाला किती यातायात करावी लागते, हे मोटारबंदी असलेल्या गावात वेगळं सांगायला नको.

एका दिवसात सगळं बसेल का? तुमच्या घरच्यांचं पाहता बसेल, पण ओढाताण होईल. जमत असेल तर आडवारी एक रात्र राहा. लॉज बाजारापासून दहा मिनिटांच्या आत घ्या. ‘निसर्गाच्या कुशीत’ अशी जाहिरात करणारी दूरची ठिकाणं सासूबाईंना सामानासकट परवडणार नाहीत. पहिल्या दिवशी शटलनं या, जेवा, झोपा आणि संध्याकाळी बाजारात भटका. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन सातला तलावाकडे निघा. त्या वेळी घोडे नसतात, शेकरू जागा असतो आणि आजींच्या चालीनंही साडेआठपर्यंत पिसारनाथाच्या देवळापाशी पोचता. अकरापर्यंत परत बाजारात, जेवण, चिक्की, आणि दुपारची शटल. दुपारीच निघालात तर कर्जतहून येणाऱ्या लोकलमध्ये नेरळला बसायला जागाही मिळते.